हात न लावता

गड्ड्याची जत्रा उठल्यानंतरच्या पहिल्या रविवारी दुपारी, सोलापुरातल्या एका हायस्कुलाच्या मैदानावर बास्केटबॉलचा अंतिम सामना चालू असताना ड्रिल मास्तर खंडू जगदाळे यांचा उजवा डोळा फुटला. साल एकोणीसशे तिसाच्या पुढचं. घाव लोखंडी कड्याचा होता. कडं ज्याच्या मनगटात होतं त्याचं नाव पोलिसांच्या कागदात नाही. मैदानावरच्या सगळ्यांना ते नाव ठाऊक होतं, कारण सगळ्यांनी पाहिलं होतं. मी त्या काळी गावातल्या एका साप्ताहिकात बातम्या लिहीत असे. आम्ही छापलं ते एवढंच : सामन्यात ड्रिल मास्तर जखमी.

खंडू मास्तर जेऊरकडचे. बुटके, रुंद, मान जवळजवळ नाहीच. डावा खांदा उजव्यापेक्षा खाली उतरलेला. अंगात खाकी सदरा, खाकी अर्धी विजार, डोक्याला मात्र पटका. शिट्टी वापरत नसत. दोन बोटं तोंडात घालून शीळ घालत, आणि ती शाळेमागच्या हातमागांच्या खडखडाटातूनही ऐकू जाई. ते ओरडत असत तोवर मुलं निर्धास्त असत. त्यांचा आवाज खाली आला की अंगावर काटा येई. शाळेच्या मागच्या खोलीत एकटे राहत, सकाळी भाकऱ्या थापत आणि शेंगाच्या चटणीबरोबर दोन्ही वेळा त्याच खात. कुठल्याही खोलीत शिरले की आधी चारी कोपरे बघत आणि मग दाराजवळ बसत. हेडमास्तरांच्या खोलीतसुद्धा.

ते पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात होते. तिथल्या कुत शहराच्या वेढ्यात अडकले होते, उंदीर खाऊन जगले, अशी गोष्ट शाळेतली मुलं एकमेकांना सांगत. मी त्यांना एकदा विचारलं.

“कोन म्हनतं?”

“पोरं म्हणतात.”

“पोरांना म्हनू द्या. छापू नका. मी बसऱ्यात हुतो, खेचरं हाकत. कुत बघिटलंबी न्हाय.”

बसऱ्याच्या छावणीत एका अमेरिकन पाद्र्यानं तुर्कांच्या पडक्या कोठाराच्या भिंतीवर लोखंडी कडी ठोकून सैनिकांना बास्केटबॉल शिकवला. खंडू जगदाळे त्याच्याकडे खेळ शिकले. पण तो खेळ पुढे त्यांनी सोलापुरात ज्या तऱ्हेनं शिकवला ती तऱ्हा पाद्र्याची नव्हती. ती खेचरांची होती. छावणीत खेचर सुटलं की ते पकडायला माणसं मागे धावत आणि लाथा खात. मास्तरांचा खांदा अशाच एका लाथेनं उतरला होता. त्यानंतर ते शिकले. एकानं खेचराला भिंतीकडे वळवायचं. दुसऱ्यानं बाजूनं येऊन वाट मिटवायची. दोघांनी हात पसरून उभं राहायचं, पुढे सरकायचं, आणि हात लावायचा नाही.

“हात लावला की लाथ,” ते म्हणत. “नुसतं हुबं ऱ्हावा. जागा गेली की जनावर सोताच खुळं हुतं.”

चेंडू हातात असलेल्या गड्याला ते जनावरच म्हणत. शेजारच्या वर्गातले संस्कृतचे शास्त्री एकदा खिडकीतून बोलले, “जगदाळे, मुलांना जनावर काय म्हणता?” मास्तर म्हणाले, “मुलांना न्हाय म्हनत. चेंडू टाकला की परत मानूस हुतो त्यो.”

त्या काळी प्रत्येक बास्केटनंतर चेंडू पुन्हा मैदानाच्या मधोमध उडवत. दोन्हीकडचे उंच गडी उडी मारत आणि ज्याचा हात वर पोचे त्याच्या संघाकडे चेंडू जाई. मास्तरांच्या संघात उंच कोणी नव्हतं. शाळेतली मोठी मुलं, हातमागावरचे विणकर, गिरणीतले एकदोन कामगार असा तो संध्याकाळचा संघ होता. प्रत्येक उडी ते हरत. मास्तरांनी त्यावर उपाय शोधला नाही. “चेंडू त्येंना घेऊ द्या,” ते म्हणाले. “जागा आपुन घेऊ.”

चेंडू ज्याच्या हातात पडे त्याच्याकडे एक गडी धावे, चेंडू काढायला नव्हे, तर त्याला कडेच्या रेघेकडे वळवायला. हा वळव्या. तो रेघेशी पोचला की दुसरा येऊन आतली बाजू मिटवी. हा मिटव्या. एका बाजूला चुन्याची रेघ, दोन बाजूंना दोन माणसं, मागे कोपरा. “रेघ आपला सहावा गडी हाय,” मास्तर म्हणत. “दमत न्हाय, पानी मागत न्हाय, फाउल करत न्हाय.” उरलेले तिघे चेंडू कुठे जाईल त्या वाटांवर उभे राहत, कारण मास्तरांच्या मते कोंडलेला माणूस चेंडू देत नाही, टाकून देतो, आणि टाकलेला चेंडू कुणाचाही.

अडचण एकच होती. सगळे गडी लहानपणापासून हुतूतू खेळलेले. त्या खेळात समोरचा चहूकडून वेढला गेला की त्याच्यावर पडायचं, कंबर धरायची, तंगडी ओढायची. इथे तेच केलं की फाउल, आणि चार फाउल झाले की गडी बाहेर. वेढा घालण्यात हे गडी पटाईत होते. वेढा पडल्यावर हात आवरणं त्यांना जमत नव्हतं. पहिल्या हंगामात प्रत्येक सामना त्यांचे निम्मे गडी बाहेर बसून संपला.

मास्तरांनी हातांवर उपाय केला. तो सौम्य नव्हता. सरावात कोणी कोंडलेल्याला हात लावला की मास्तर जवळून, पूर्ण ताकदीनं, चेंडू त्याच्या तोंडावर मारत. नाकातून रक्त येई. मैदान मुरमाचं. पडलं की गुडघ्याची साल निघे. संध्याकाळी घरी परतणाऱ्या त्या मुलांकडे पाहून वाटे की कुठे दंगल झाली असावी. एका पालकानं तक्रार केली तेव्हा मास्तरांनी त्याला विचारलं, “दात पडला का?” पालक नाही म्हणाला. “मग बरं चाललंय की.”

नागू त्यांच्याकडे आला तो आईबरोबर. नागू विणकरांच्या गल्लीत राही, पण गिरणीत कामाला होता, तालमीतला, जाड मनगटांचा, कमी बोलणारा. त्याच्या थोरल्या भावानं रंगपंचमीच्या मारामारीत एका माणसाच्या पोटात गिरणीतली कात्री खुपसली होती. तो माणूस मेला आणि भाऊ काळ्या पाण्यावर गेला. मेलेला माणूस त्याच गिरणीतल्या एका जॉबरचा, म्हणजे खात्यातल्या मुकादमाचा, भाऊ. जॉबरला किसन नावाचा मुलगा होता, नागूच्याच वयाचा. त्या दिवसापासून गल्लीतले लोक दोन्ही घरांकडे बघून होते : आता पुढचा कोण. नागू दोनदा किसनच्या वाटेवर जाऊन उभा राहिला होता. एकदा त्याच्या कमरेला कोयता होता, आणि लोकांनी त्याला धरून घरी आणलं होतं.

त्याची आई शेवंताबाई मैदानावर आली तेव्हा मी तिथे होतो. ती मास्तरांच्या पायाशी बसली.

“एक पोरगं पान्यापल्याड गेलं. ह्यो फासावर जातोय. मास्तर, ह्याचं हात बांधा.”

“बांधल्यालं हात सुटत्यात, बाई,” मास्तर म्हणाले. मग नागूकडे वळले. “ए, खेळतो का?”

“ह्यो बायकांचा खेळ हाय,” नागू म्हणाला. “धरायचं न्हाय, पाडायचं न्हाय.”

“व्हय. बायकांचाच. ये.”

पहिल्याच संध्याकाळी मल्लेशम नावाचा विणकर चेंडू घेऊन कोपऱ्यात सापडला. मल्लेशम तेलुगू घरातला, हडकुळा, हसरा, पायानं चपळ. नागूनं वाट मिटवली, आणि मग सवयीनं त्याची कंबर धरली, उचलला आणि मुरमावर आपटला. मल्लेशमचा डावा हात मनगटाच्या वर मोडला. मोडल्याचा आवाज कडेला बसलेल्यांना ऐकू आला. मास्तरांनी नागूच्या तोंडावर चेंडू मारला. तो पडला नाही. पुन्हा मारला. तिसऱ्यांदा नागूचा ओठ फाटला तेव्हा तो मास्तरांच्या अंगावर गेला. मास्तर मागे सरले नाहीत, त्यांनी हातही उचलला नाही. दोन्ही हात पसरून समोर उभे राहिले. नागूनं मूठ उगारली आणि तशीच धरून ठेवली.

“मार की,” मास्तर हळू आवाजात म्हणाले. “मार आन जा घरी. म्हंजी तुला काय येतंय ते समद्यांना कळंल.”

नागू घरी गेला. दुसऱ्या दिवशी परत आला.

मल्लेशमचा माग बंद पडला. त्याची वहिनी मैदानावर येऊन तेलुगूत बराच वेळ बोलली. ते कुणी भाषांतर करून सांगितलं नाही, पण मास्तर मान खाली घालून शेवटपर्यंत उभे होते. हाताला कामट्या बांधून मल्लेशम संध्याकाळी येऊन बसे. एके दिवशी मास्तरांनी त्याच्याच घरून सुताचा एक पदर मागवला आणि एक टोक मल्लेशमच्या मोडक्या हाताच्या मनगटाला, दुसरं नागूच्या मनगटाला बांधलं.

कोंडीत दोन गड्यांच्या मधल्या फटीतून चेंडू निसटतो. ती फट पडू द्यायची नाही. दोघांनी एकाच वेळी पाय टाकायचा, एकाच वेळी वळायचं. सूत एका हिसक्यात तुटतं. तुटलं की शिक्षा अशी की एकानं दुसऱ्याला खांद्यावर घेऊन मैदानाला फेरी घालायची. मल्लेशमचा हात मोडका, म्हणून प्रत्येक वेळी उचलायचं नागूनं. आणि सूत तुटण्याआधी मल्लेशमचा हात ओढला जाई. तो ओरडे.

“अय्यो! हळू की रे, बैला!”

“तू हळू पळ.”

“मी हळूच पळालो. माझं हाड पळालं पुढं.”

काही दिवसांनी ओरडणं कमी झालं. मग थांबलं. कामट्या निघाल्या तेव्हा ते दोघे सूत तुटू न देता कुठल्याही गड्याला रेघेपर्यंत नेत. पुढच्या हंगामात मल्लेशम वळव्या झाला आणि नागू मिटव्या. समोरचा कोपऱ्यात गेला की नागू हात पसरून त्याच्यासमोर असा उभा राही की त्याला पलीकडचं आकाश दिसू नये. हात लावत नसे. समोरचा थोड्याच वेळात चेंडू कुठेतरी टाकून देई.

वैरागच्या बाजारच्या दिवशी त्यांनी एक दाखवायचा सामना केला. तिथल्या लोकांनी हा खेळ पाहिलेला नव्हता. हुतूतू मात्र सगळ्यांना येत होता. पहिल्यांदा समोरचा गडी कोपऱ्यात सापडला तेव्हा बाजार उभा राहिला.

“धर की! धर की त्येला! आता काय आरती करतो काय?”

नागू नुसता उभा. चेंडू टाकला गेला, तिसऱ्यानं घेतला. लोकांना त्यात काही दिसलं नाही. त्यांना एवढंच दिसलं की एक दांडगा माणूस समोरच्याला वेढून धरायला घाबरला. पुन्हा तेच झालं. मग कासाराच्या पाटीतल्या फुटक्या बांगड्या मैदानात पडू लागल्या.

“भर बांगड्या! सोलापूरचा पैलवान म्हनं!”

“लगीन झालं न्हाय वाटतं, हात लावायला लाजतंय!”

मग ढेकळं आली. एक ढेकूळ नागूच्या कानावर फुटलं. त्याच्या कानातून रक्त आलं. तो फेकणाऱ्याकडे वळला आणि चालू लागला. मास्तरांनी शीळ घातली नाही. ते हळूच म्हणाले, “नागू, तुझ्या मागनं चेंडू गेला.” नागूनं मागे पाहिलं. चेंडू खरोखरच गेला होता. तो परत धावला. सामना ते जिंकले आणि मिळेल त्या बैलगाडीतून, दगड खात, गावाबाहेर पडले. मल्लेशम गाडीत म्हणाला, “मास्तर, पुढच्या वेळी बक्षीस नको, टोप्या द्या लोखंडाच्या.”

अंतिम सामन्यात समोर गिरणीचा संघ आला. त्याचा कॅप्टन किसन होता.

आदल्या दिवशी शेवंताबाई पुन्हा आली. मास्तर चटणी कुटत होते.

“उद्या ह्याला घरी ठिवा.”

“घरी ठिवला तर गल्लीत गाठ पडंल. मैदानात रेघ तरी हाय.”

“आन काय झालं म्हंजी?”

मास्तरांनी खलबत्ता बाजूला ठेवला. “मी जित्ता हाय तवर त्येचा हात कुनाच्या अंगावर जानार न्हाय. जा, भाकरी खा.”

ते असं वचन कधी देत नसत. मी तिथे दुसऱ्या दिवशीच्या सामन्याची वेळ विचारायला गेलो होतो. मास्तरांनी वेळ सांगितली आणि म्हणाले, “पेपरवाले, कडंला हुबं ऱ्हावा. रेघंच्या लई जवळ नको.”

जत्रा नुकतीच उठलेली असल्यानं गावात माणसं होती. एका बाजूला विणकर, दुसऱ्या बाजूला गिरणीतले लोक. काहींच्या हातात काठ्या होत्या, पण त्या काळी हातात काठी असणं ही बातमी नव्हती. किसन उंच होता, देखणा होता, उजव्या मनगटात लोखंडी कडं. पंच म्हणून आलेल्या कॉलेजातल्या गृहस्थांनी ते काढायला सांगितलं. तो म्हणाला, मनगट वाढलंय, निघत नाही. पंचांनी आग्रह धरला नाही.

प्रत्येक उडी किसननं जिंकली. प्रत्येक वेळी चेंडू त्याच्याकडे आला, आणि प्रत्येक वेळी मल्लेशमनं त्याला रेघेकडे वळवलं, नागूनं वाट मिटवली. नागू आणि किसन यांच्यात एवढा वेळ इतकं कमी अंतर त्यापूर्वी कधी राहिलं नव्हतं. हातभर. गिरणीचे लोक ओरडत होते ते पहिल्या डावाच्या शेवटी गप्प झाले. विणकर हसू लागले. “किसनराव, घर घ्या कोपऱ्यात! भाडं न्हाय!” किसननं चेंडू टाकला, परत टाकला. त्यांचे बास्केट थांबले.

दुसऱ्या डावात तो खेळायचं सोडून बोलू लागला. कोपऱ्यात सापडला की नागूच्या तोंडाशी तोंड नेऊन बोले. मी त्याच कोपऱ्याशी, कडुलिंबाखाली उभा होतो. मला ऐकू आलं.

“तुजा भाव काय खातो रं तितं? दगडं? का पोलिसांचं जोडं?”

नागूचे हात पसरलेलेच.

“आई अजून रडती का? का झालं रडून?”

नागूच्या मानेची शीर दिसत होती. मल्लेशम हसत म्हणाला, “चेंडू टाक ना बाबा, हात दुखतात.” किसननं चेंडू छातीशी धरला आणि कोपर मल्लेशमच्या तोंडावर मारलं. मल्लेशम गुडघ्यावर बसला आणि त्यानं ओंजळीत दात थुंकले. पंचांची शिट्टी वाजली नाही. ते पलीकडच्या बाजूला होते.

नागूचे हात खाली आले. मुठी वळल्या. दोघांत आता कोणी नव्हतं.

मास्तर रेघ ओलांडून आत आले. खेळ चालू असताना मास्तर रेघेच्या आत आलेले मी त्यापूर्वी पाहिले नव्हते. ते धावत दोघांच्या मध्ये शिरले, तोंड नागूकडे, पाठ किसनकडे. त्यांनी दोन्ही हात पसरले. “बघ माझ्याकडं,” ते म्हणाले. आवाज अगदी खाली होता. कोंडलेल्याकडे पाठ करायची नाही, हे त्यांनी प्रत्येक मुलाला चेंडूच्या माराबरोबर शिकवलं होतं. किसनला मध्ये कोण आलं हे कळलं नसावं. तो कोपऱ्यात होता, समोर कुणाचीतरी पाठ होती, तो सुटायला बघत होता. त्यानं हात फिरवला. त्याच क्षणी मास्तरांनी मान वळवली. कडं डोळ्यावर बसलं.

मास्तर खाली बसले नाहीत, आडवे पडले. बोटांमधून रक्त आलं, आणि रक्ताबरोबर दुसरंही काही. एक बाई किंचाळली. मग विणकरांची बाजू मैदानात उतरली. काठ्या होत्या, जत्रेतल्या दुकानांचे बांबू होते, दगड होते. गिरणीचे लोक पलीकडून धावले, पण ते लांब होते. किसन कोपऱ्यात होता. मागे शाळेची भिंत, समोर नागू.

“नाग्या, धर त्येला! सोडू नको!”

“भावाचं फेड, नाग्या!”

नागूनं किसनकडे पाहिलं. मग त्यानं पाठ फिरवली. किसन त्याच्या मागे आला आणि लोक समोर आले. नागूनं हात पसरले. मल्लेशम तोंडाला हात लावून उठला, त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला आणि मधली फट मिटवली.

पहिला दगड नागूच्या कपाळावर बसला. दुसरा छातीवर. एका बांबूचा फटका मल्लेशमच्या त्याच, पूर्वी मोडलेल्या हातावर आला. कोणीतरी नागूचे केस धरून ओढलं. तो जागचा हलला नाही आणि त्यानं कुणावर हात उचलला नाही. त्यांच्याच गल्लीतला एक म्हातारा त्याच्या तोंडावर थुंकला. “भावाला इकलास काय रं?” तेवढ्या वेळात किसन भिंतीवर चढला आणि पलीकडे उडी मारून गेला. मग लोकांनी काठ्या खाली केल्या, कारण कोपऱ्यात मारायला दुसरं कोणी नव्हतं.

नंतर मी नागूला विचारलं, तू असं का केलंस. तो म्हणाला, “ठावं न्हाय.” यापेक्षा जास्त मला कधी कळलं नाही.

इस्पितळात पोलीस हवालदार जबाब घ्यायला आला तेव्हा मास्तरांचं अर्धं तोंड पट्ट्यांत होतं.

“कुणी मारलं?”

“खांबावर आपटलो.”

“मास्तर, अहो हजार माणसांनी पाहिलंय.”

“मग त्येंना इचारा.”

“विचारलं. कुणी बोलत नाही.”

“मग मी काय म्हनतोय.”

“खांबाला कडं होतं का?”

“वर हुतं की. त्येच्यातच चेंडू टाकत्यात.”

हवालदारानं वही मिटली. नाव दिलं असतं तर किसन तुरुंगात गेला असता, गिरणीच्या लोकांनी विणकरांच्या गल्लीत उतरून त्याचा बदला घेतला असता, आणि पहिला घाव नागूवर झाला असता किंवा नागूनं केला असता. हे मास्तर बोलले नाहीत. हवालदारालाही ते ठाऊक असावं.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी किसनचा बाप, तो जॉबर, आला. पागोटं काढून हातात धरलेलं. दाराच्या आत पाऊल टाकेना. पलंगाशी नागू बसला होता, कपाळाला पट्टी. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. या माणसाच्या भावाला नागूच्या भावानं मारलं होतं.

“आत या जॉबर,” मास्तर म्हणाले. “दारात हुबं ऱ्हायलं की वाट आडती.”

जॉबर आत आला. नागू उठला आणि त्यानं बसायचं स्टूल पुढे सरकवलं. जॉबर बसला. नर्स येऊन दिवा लावून गेली तेव्हा तो उठला, नागूसमोर क्षणभर थांबला आणि म्हणाला, “आईला सांग, मी उंबऱ्याशी येनार हाय. आत बोलवायचं का न्हाय, तिनं ठरवावं.”

तो गेला की नाही, आणि शेवंताबाईनं त्याला आत घेतलं की नाही, याबद्दल गल्लीत दोन प्रकारे सांगतात. मी खात्री करू शकलो नाही.

एका डोळ्याचा माणूस ड्रिल शिकवू शकत नाही असं शाळेनं ठरवलं. मास्तरांनी हुज्जत घातली नाही. एक ट्रंक आणि एक वळकटी घेऊन ते गावी गेले. संध्याकाळचा संघ काही महिने चालला, मग विस्कटला.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात मी पुण्याला निघालो होतो. गाडी जेऊरला थांबली आणि फलाटावर खंडू मास्तर दिसले. ते कुणाला सोडायला आले होते, की नुसतेच गाडी बघायला, कळलं नाही. उजव्या डोळ्यावर काळं फडकं. ते वाळले होते. मी खिडकीतून हाक मारली. त्यांना मी कुठून हाक मारतोय हे कळायला वेळ लागला. मग पूर्ण मान वळवून त्यांनी मला शोधलं.

“पेपरवाले. बरं हाय का?”

“बरं आहे. तुमचं?”

“चाललंय.” मग एकदम, खिडकीचे गज धरून, “नागू?”

“गिरणीत आहे.”

“आन त्यो?”

“तोही गिरणीत.”

“येकाच पाळीला?”

“एकाच. एकाच खात्यात.”

“बोलत्यात का?”

“नाही.”

“भांडत्यात?”

“नाही.”

गाडी सुटली. मास्तर काही पावलं गाडीबरोबर चालले. त्यांना अजून काही विचारायचं होतं, पण इंजिनाच्या आवाजात ते ऐकू आलं नाही.

त्याच पावसाळ्यात ते जेऊरला तापानं वारले. हे लिहीत असताना नागू आणि किसन दोघेही जिवंत आहेत.